भुईआवळीचा अर्क आणि सीसीएल४ मॉडेल : एसजीपीटी उतरलं म्हणजे लिव्हर वाचलं असं म्हणता येतं का?

पावसाळी_रोप :

नमस्कार मंडळी. मी एम.फार्म. फार्माकॉलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्टला भुईआवळी घेतलीये, म्हणजे अख्ख्या झाडाचा अर्क काढायचा आणि केमिकलने होणाऱ्या लिव्हर डॅमेजपासून तो रॅटना वाचवतो का ते बघायचं. आमच्याकडे कावीळ झाली की भुईआवळीचा रस ताकातून देतात, आजीच्या गावी तर अजूनही लोक बांधावरून उपटून आणतात, त्यामुळे हा विषय मला मनापासून करायचाय, नुसती डिग्री उरकायची म्हणून नाही.

गाईड सरांनी सीसीएल४ म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड या लिव्हरच्या विषाचं मॉडेल सुचवलंय. प्लॅन साधारण असा : विस्टार रॅट, सहा-सहाचे पाच ग्रुप. एक नॉर्मल, एक नुसतं सीसीएल४, एक सीसीएल४ आणि सिलिमारिन (तुलनेला वापरतात ते ठरलेलं लिव्हर वाचवणारं औषध) १०० मिग्रॅ प्रति किलो, आणि अर्काचे दोन डोस, २०० आणि ४००. सात दिवस रोज तोंडाने अर्क, सातव्या दिवशी पोटात सीसीएल४ चं इंजेक्शन, २४ तासांनी रक्त आणि लिव्हर काढायचं. रक्तातून एसजीपीटी, एसजीओटी (लिव्हरची पेशी फुटली की रक्तात वाढणारी एन्झाइमं), अल्कलाइन फॉस्फटेज, बिलिरुबिन, टोटल प्रोटीन आणि लिव्हरमधून एमडीए (पेशीतली चरबी सडल्याची खूण), ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटलेज (पेशीची स्वतःची संरक्षण यंत्रणा), शिवाय हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे लिव्हरच्या स्लाईड.

आता खरा प्रश्न. लायब्ररीत जुने थिसिस चाळले तर झाड कुठलंही असो निकाल तोच, एसजीपीटी उतरलं, सिलिमारिनच्या जवळ आलं, 'लक्षणीय संरक्षण' दिसलं. इतकी वेगवेगळी झाडं, सगळीच जर लिव्हर वाचवतात तर मग या टेस्टमधून नेमकं कळतं काय? मला असं काहीतरी करायचंय की शेवटी कोणी विचारलं तर ठामपणे सांगता आलं पाहिजे की हो, हे संरक्षणच आहे. आयएईसीची, म्हणजे जनावरांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची, मीटिंग पुढच्या महिन्यात आहे, त्यांचा अर्ज म्हणजे फॉर्म बी भरायचाय, एकदा जनावरांचा आकडा मंजूर झाला की मधेच ग्रुप वाढवणं अवघड जातं म्हणून आत्ताच विचारतेय.

अजून दोन छोटे प्रश्न : अर्क पाण्यात नीट जात नाही, सीनियर म्हणाला थोडं डीएमएसओ (विरघळवायला वापरतात ते सॉल्व्हंट) टाक, चालेल का? आणि सीसीएल४ ऐवजी पॅरासिटामॉल घेतलं तर?

लॅबवाले_काका :

प्रश्न चांगला विचारलायस आणि वेळेवर विचारलायस. सैद्धांतिक भाग बाकीचे सांगतील, मी आधी हाताने करायच्या गोष्टी सांगतो कारण बऱ्याच थिसिसमध्ये गडबड तिथेच असते.

पहिलं, डोस लिहिताना स्पष्ट लिही. '१ मिली प्रति किलो, ऑलिव्ह ऑइलमध्ये १:१' असं सगळे लिहितात, पण तो एक मिली सीसीएल४ चा का मिश्रणाचा हे कळतच नाही आणि त्यात सरळ दुपटीचा फरक पडतो. १ मिली प्रति किलो सीसीएल४ द्यायचं असेल तर १:१ मिश्रण २ मिली प्रति किलो जाईल, म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटला ०.४ मिली. असं सुटं करून लिहिलंस तर पुढच्या माणसाला तुझा प्रयोग पुन्हा करता येईल. आणि नॉर्मल ग्रुपलाही तेवढंच ऑलिव्ह ऑइल त्याच मार्गाने दे, लोक तिथे नुसतं पाणी देतात किंवा काहीच देत नाहीत.

दुसरं, काचेची सिरिंज वापर, सीसीएल४ प्लॅस्टिकला खातं. फ्यूम हूडमध्येच भर, ग्लोव्हज घाल, मिश्रण त्याच दिवशी बनव. त्याची वाफ तुझ्याही लिव्हरला तेच करते जे रॅटच्या लिव्हरला करते.

तिसरं, अर्क तोंडाने देतेयस तर विष इंजेक्शनने द्यायचं ठरवलंयस ते बरोबर आहे. दोन्ही तोंडाने, तेही पाठोपाठ, दिलं तर अर्कामुळे विष आतड्यातून कमी शोषलं गेलं का लिव्हर वाचलं हे वेगळं करता येत नाही. पॅरासिटामॉलमध्ये हा घोळ हमखास होतो, कारण ते तोंडानेच देतात, आणि अर्काने जठर रिकामं व्हायला वेळ लागला की रक्तातली लेव्हल खाली राहते. शिवाय रॅट पॅरासिटामॉलला दाद देत नाही, २ ते ३ ग्रॅम प्रति किलो द्यावं लागतं आणि तरी काही जनावरांत नीट डॅमेज होत नाही. पॅरासिटामॉलच करायचं असेल तर माईस घे, रात्रभर उपाशी ठेवून ३०० मिग्रॅ प्रति किलो इंजेक्शनने, ते माणसाच्या बरंच जवळ जातं.

चौथं, २०० आणि ४०० हे डोस आले कुठून ते फॉर्म बी मध्ये विचारणारच. ओईसीडी ४२३ या टॉक्सिसिटीच्या गाईडलाइनने तीन-तीन माद्यांवर २००० मिग्रॅ प्रति किलोची लिमिट टेस्ट कर, सगळ्या ठीक राहिल्या तर त्याचा दहावा आणि पाचवा हिस्सा म्हणून २०० आणि ४०० असं नीट सांगता येतं. ती सहा जनावरंही आकड्यात धर, ती नेहमी विसरतात.

आणि एक ग्रुप नक्की वाढव : नुसता अर्क ४००, सीसीएल४ नाही. तुझ्या प्लॅनमध्ये तो नाहीये आणि सगळ्यात जास्त माहिती त्यातूनच मिळणार आहे.

रानवाटा :

मी वनस्पतीशास्त्राकडून बोलते. ताई, तू 'भुईआवळी' लिहिलंस पण कुठली? हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडे याच नावाने निदान चार-पाच जाती विकल्या आणि दिल्या जातात. फायलँथस अमारस, फ्रॅटर्नस, डेबिलिस, युरिनारिया, मदरासपटेन्सिस, सगळ्यांच्या पानांखाली बारीक आवळ्यासारखी फळं असतात आणि नवख्या माणसाला सगळी सारखीच दिसतात. जुन्या भारतीय पेपरांत 'फायलँथस निरुरी' लिहिलेलं असतं ते तर बहुतेक ठिकाणी अमारस, फ्रॅटर्नस नाहीतर डेबिलिस आहे, खरी निरुरी अमेरिकेतली. त्यामुळे तू ज्या पेपरचा आधार घेशील त्यांनी नेमकं कुठलं झाड वापरलं तेही कधीकधी सांगता येत नाही.

हँडलेन्स घे आणि शेतात बसूनच बघ. अमारसच्या फुलाला पाच पाकळ्यांसारखे भाग, फ्रॅटर्नस आणि डेबिलिसला सहा. अमारसमध्ये पानाच्या बेचक्यात एक नर आणि एक मादी फूल जोडीने बसलेलं दिसतं. युरिनारियाचं खोड तांबूस, फळ खरखरीत, देठ जवळजवळ नाहीच, आणि बीवर आडव्या रेघा असतात, अमारसच्या बीवर उभ्या. एकदा डोळ्याला सवय झाली की चालता चालता ओळखू येतं. पण तुझ्या ओळखीवर थिसिस उभा राहत नाही, फुलाफळांसकट रोप दाबून वाळवून पुण्याला बॉटॅनिकल सर्व्हेच्या वेस्टर्न सेंटरला किंवा आगरकर इन्स्टिट्यूटला दे, मुंबईकडची असशील तर सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. व्हाउचर नंबर (तुझ्या रोपाचा हर्बेरियममधला नोंद क्रमांक) घे आणि थिसिसमध्ये छाप. बाजारातून वाळलेला पाला आणून 'ऑथेंटिकेट' करून घेऊ नकोस, त्यात तीन जाती मिसळलेल्या असू शकतात आणि चुऱ्यावरून कोण काय ओळखणार.

गोळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कर, फळं धरलेली असताना. शेताच्या बांधावरची घेणार असशील तर आधी शेतकऱ्याला विचार तणनाशक मारलंय का. सोयाबीन-कापसाच्या शेतात हे रोप तण म्हणूनच मरतं आणि लिव्हरच्या प्रयोगात तणनाशकाचा अंश असलेला अर्क गेला तर सगळंच वाया. सावलीत वाळव. किती लागेल याचा हिशेब आत्ताच कर : २०० ग्रॅमच्या रॅटला ४०० च्या डोसने रोज ८० मिग्रॅ, सहा जनावरं, सात दिवस, म्हणजे एका ग्रुपला ३.३६ ग्रॅम अर्क. सगळे ग्रुप आणि टॉक्सिसिटी धरून पंधरा ग्रॅम तरी जाणार, सांडलवंड आणि एचपीटीएलसी (अर्कातली रसायनं तपासायची टेस्ट) धरून तीस ग्रॅम हातात ठेव. दहा टक्के यील्ड आलं तर ३०० ग्रॅम भुकटी, आणि ओलं रोप वाळून फारतर पाव उरतं. एकाच वेळी, एकाच जागेहून सगळं आण, मध्येच संपलं म्हणून दुसऱ्या महिन्यात दुसरीकडचं आणलंस तर तो वेगळा अर्क झाला.

अजून एक, सॉल्व्हंट विचार करून ठरव. सगळे मेथॅनॉल घेतात कारण यील्ड बरं येतं आणि फायलँथिन, हायपोफायलँथिन हे लिग्नान त्यात उतरतात. पण आजी देते तो रस, म्हणजे पाण्यातला भाग, त्यात लिग्नान फारसे येत नाहीत, तिथे कोरिलॅजिन, जेरॅनिइन अशी टॅनिनं जास्त. मेथॅनॉलच्या अर्काचा निकाल दाखवून 'पारंपरिक वापराला दुजोरा मिळाला' असं लिहिणं मला पटत नाही. पाण्याचा किंवा पाणी-अल्कोहोलचा अर्क घेतलास तर तुझ्या विषयाला ते धरून होईल, आणि विरघळायचा प्रश्नही बराच सुटेल.

मायक्रोसोम :

काकांनी आणि रानवाटाने पाया घातलाय, मी तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो कारण माझं स्वतःचं काम याच भानगडीत गेलंय.

सीसीएल४ स्वतः फार काही करत नाही. लिव्हरमधलं सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातलं एक एन्झाइम, सीवायपी२ई१, त्याचा एक क्लोरीन काढतं आणि ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल बनवतं, ते ऑक्सिजनशी जुळून अजून तापट पेरॉक्सिल रॅडिकल बनतं आणि मग पेशीच्या पडद्यातली चरबी सडायला लागते, कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते. हे एन्झाइम सेंट्रल व्हेनच्या भोवती सगळ्यात जास्त असतं म्हणून डॅमेजही तिथेच होतं. आणि हे नुसतं अनुमान नाही, १९९८ मध्ये दाखवलंय की ज्या माईसमध्ये हे एन्झाइमच नाही त्यांना सीसीएल४ दिलं तरी लिव्हरला जवळपास काही होत नाही.

आता तुझा प्लॅन बघ. सात दिवस अर्क, मग सीसीएल४. समजा अर्कातल्या कुठल्या तरी रसायनाने सीवायपी२ई१ बंद पाडलं. मग विष तयारच झालं नाही. एसजीपीटी उतरणार, एमडीए उतरणार, ग्लुटाथायोन टिकणार, स्लाईड सुंदर दिसणार, सगळं काही सिलिमारिनसारखं, आणि तरी तुझ्या अर्काने लिव्हरच्या पेशीसाठी काहीही केलेलं नसणार. चोर घरात शिरलाच नाही तर तिजोरी किती मजबूत होती ते कसं कळणार? लसणातलं डायअलिल सल्फाइड याचं ठरलेलं उदाहरण आहे, ते याच एन्झाइमला अडवतं आणि म्हणून सीसीएल४ पासूनही 'वाचवतं'. वनस्पतींच्या अर्कात पॉलिफेनॉलची रेलचेल असते, त्यातले कितीतरी पी-४५० ला थोडंफार अडवतातच, म्हणून तुला लायब्ररीत सगळीच झाडं पास झालेली दिसतात.

आणि म्हणूनच डीएमएसओ अजिबात नको. डीएमएसओ स्वतः सीवायपी२ई१ ला अडवतं, पॅरासिटामॉलच्या माईसमध्ये थोड्याशा डीएमएसओनेही लिव्हर वाचल्यासारखं दिसतं. प्रॉपिलीन ग्लायकॉलचंही तेच. तुझा सीनियर वाईट हेतूने सांगत नाहीये, सगळेच तसं करतात, पण तू ०.५ टक्के सीएमसीमध्ये (पाणी दाट करणारा सेल्युलोज) सस्पेन्शन कर, खलबत्त्यात आधी थोड्या पाण्याने लगदा करून मग पातळ कर, दर वेळी गॅव्हेजच्या, म्हणजे नळीने तोंडातून डोस देण्याच्या, आधी हलव. कंट्रोलला, सिलिमारिनला, सगळ्यांना तेच सीएमसी.

एमडीए आणि ग्लुटाथायोनबद्दल एक सांगतो. थिसिसमध्ये ओळ असते की एमडीए कमी झालं, म्हणजे अर्क अँटिऑक्सिडंट आहे, म्हणून लिव्हर वाचलं. कारण आणि परिणाम इथे उलटे होऊ शकतात, इजाच कमी झाली तर एमडीए कमी होणारच, कारण काहीही असो. डीपीपीएच ही अँटिऑक्सिडंट टेस्ट बाटलीत पॉझिटिव्ह येणं तर चहापत्तीलाही येतं. म्हणून काकांनी सांगितलेला नुसत्या अर्काचा ग्रुप महत्त्वाचा. तिथे विष नाही, आणि तरी ग्लुटाथायोन किंवा एसओडी नॉर्मलपेक्षा वर गेलेलं दिसलं तर अर्काने पेशीची स्वतःची यंत्रणा वाढवलीये असं म्हणायला जागा आहे. आणि त्याच ग्रुपच्या लिव्हरमधून मायक्रोसोम (हे एन्झाइम ज्यात असतं ते पेशीतल्या पडद्यांचे तुकडे) काढून सीवायपी२ई१ ची ॲक्टिव्हिटी मोज, पी-नायट्रोफेनॉल टाकून नायट्रोकॅटेकॉल किती बनतं ते कलरिमीटरवर दिसतं. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर कॅल्शियम क्लोराइडने मायक्रोसोम खाली बसवायची जुनी पद्धत आहे, साध्या कोल्ड सेंट्रिफ्यूजवर होते.

दुसरा उपाय अजून सोपा : एक ग्रुप असा ठेव ज्यात अर्क सीसीएल४ नंतर द्यायचा. विष बनायचं काम पहिल्या काही तासांत उरकतं, ते होऊ दे, मग सहा तासांनी पहिला डोस. इथेही फरक दिसला तर तो एन्झाइम अडवून आलेला नाही.

तिसरा उपाय, वेगळं विष. डी-गॅलॅक्टोसमाइनला सीवायपी लागत नाही, ते लिव्हर पेशीतलं युरिडिन अडकवून ठेवतं आणि आरएनए बनणं थांबवतं. थायोॲसिटामाइड घेऊ नकोस या कामाला, त्यालाही सक्रिय व्हायला तीच एन्झाइमं लागतात.

पावसाळी_रोप :

बापरे, खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे जुन्या थिसिसमध्ये सगळी झाडं पास का होतात ते आता समजलं.

मायक्रोसोम सर, गॅलॅक्टोसमाइन महाग आहे असं स्टोअरवाले म्हणाले, गाईड सर तयार होतील की नाही माहीत नाही. अर्क नंतर द्यायचा ग्रुप आणि मायक्रोसोम एवढ्यावर भागेल का? आणि एकजण म्हणाला जनावरं सोड, हेप-जी२ सेलवर (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या लिव्हर कॅन्सरच्या पेशी) कर, लवकर होईल.

मायक्रोसोम :

भागेल. पण महाग म्हणजे किती ते आधी हिशेब कर. ४०० मिग्रॅ प्रति किलो, २०० ग्रॅमचा रॅट, ८० मिग्रॅ. एक कंट्रोल आणि एक अर्काचा, बारा जनावरांना ९६० मिग्रॅ. एक ग्रॅमच्या बाटलीत काठावर बसतं, जनावरं १९०-२०० ग्रॅमचीच निवडलीस तर. सरांसमोर 'महागडं केमिकल' म्हणून नको, 'एक ग्रॅम' म्हणून ठेव.

हेप-जी२ या कामाला नको. त्या पेशींमध्ये सीवायपी२ई१ जवळजवळ नसतंच, मग सीसीएल४ किंवा पॅरासिटामॉल टाकून जे मरण दिसतं ते वेगळ्याच कारणाचं असतं, भरमसाठ डोस टाकल्यामुळे. पेशींवर करायचं तर ताज्या काढलेल्या हेपॅटोसाइट (लिव्हरच्या पेशी) किंवा हेपा-आरजी ही दुसरी सेल लाईन, आणि ते तुझ्या बजेटच्या बाहेर जाईल.

काचपट्टी :

मी हिस्टोपॅथ लॅबमध्ये आहे, फार्मसी कॉलेजांचे लिव्हर आमच्याकडे येतात म्हणून लिहितोय. ताई, लिव्हरचा तुकडा ३ ते ५ मिलीमीटर जाड काप, जास्त नाही. अख्खा लोब बाटलीत कोंबून पाठवतात, फॉर्मॅलिन मधेपर्यंत पोहोचतच नाही, आतला भाग कुजतो आणि मग रिपोर्टमध्ये नेक्रोसिस (जनावर जिवंत असताना पेशी मरणं) आणि कुजणं यांची सरमिसळ होते. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट तरी. प्रत्येक जनावराचा तोच लोब घ्यायचा, डावा मोठा घेतलास तर सगळ्यांचा डावा मोठाच, कारण डॅमेज सगळीकडे सारखं नसतं. चरबीचे थेंब नीट दाखवायचे असतील तर थोडा तुकडा फ्रोझन सेक्शनला वेगळा ठेव, पॅराफिन प्रोसेसिंगमध्ये चरबी धुऊन जाते आणि नुसती पोकळी उरते, ऑइल रेड ओ हा चरबी दाखवणारा रंग त्यावर चालत नाही.

पॅथॉलॉजिस्टला ग्रुपचं नाव सांगू नका. बाटलीवर नुसता नंबर, यादी तुझ्याकडे. बाटलीवर 'सिलिमारिन' लिहिलेलं असलं की बघणाऱ्याचा डोळा आपोआप मऊ होतो, माणूस कितीही चांगला असो. आणि एका ग्रुपचा एकच 'छान' फोटो छापू नका, सहाही जनावरांना ० ते ४ असा स्कोअर द्यायला सांगा, सेंट्रल व्हेनभोवतीचं नेक्रोसिस, चरबी, सूज वेगवेगळं.

रक्ताचं एक : डोळ्याच्या कोपऱ्यातून काढताना घाई झाली की रक्त फुटतं, सिरम लालसर होतं. लाल पेशींमध्ये एसजीओटी असतं त्यामुळे तो आकडा खोटाच वर जातो. लाल सिरम दिसलं की तिथेच नोंद कर, नंतर आठवत नाही.

डॉ_सह्याद्री :

मी फिजिशियन आहे, लिव्हरचे पेशंट रोज बघतो. प्रयोगशाळेतलं वर सगळ्यांनी नीट सांगितलंय, मी पेशंटच्या बाजूचं थोडं सांगतो कारण डिस्कशन लिहिताना तुला ते लागेल.

पावसाळ्यात जी कावीळ येते ती बहुतेक हेपटायटिस ए नाहीतर ई, दूषित पाण्यातून. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, भुईआवळी दिली तरी आणि नाही दिली तरी. त्यामुळे गावातला अनुभव खरा असला तरी त्यावरून औषध लागू पडलं असं सिद्ध होत नाही. आणि तुझं मॉडेल व्हायरसचं नाहीच, केमिकलचं आहे, म्हणून कृपा करून निष्कर्षात 'कावीळीवर उपयुक्त' असं लिहू नकोस. असं वाक्य कोणीतरी उचलतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, आणि ईच्या कावीळीत गरोदर बाई आठवडाभर घरी रस पीत बसते. तिच्यासाठी तो आठवडा जिवावरचा असतो.

१९८८ मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासचा एक अभ्यास आला होता, फायलँथस अमारस, हेपटायटिस बी चे कॅरियर, ३० दिवस. औषध घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांचं सरफेस अँटिजेन (रक्तातली व्हायरसची खूण) गेलं, प्लासिबोवर २३ पैकी एकाचं. जगभर खळबळ झाली. पण नंतरच्या बऱ्याच ट्रायलमध्ये तसं दिसलं नाही. रानवाटा म्हणतात तो जातीचा, जागेचा, हंगामाचा मुद्दा त्या वेळीही चर्चेत होता.

दुसरं गुळवेलीचं. रॅटमध्ये गुळवेल सीसीएल४ पासून वाचवते असे पेपर कितीतरी आहेत. आणि कोविडच्या काळात लोकांनी रोज काढे प्यायले तेव्हा मुंबईत सहा पेशंटचं लिव्हर बिघडल्याची केस सिरीज २०२१ ला आली, पुढच्या वर्षी देशातल्या १३ सेंटरमधून ४३ पेशंट, बऱ्याच जणांमध्ये ऑटोइम्यून हेपटायटिससारखं चित्र. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की टिनोस्पोरा क्रिस्पासारखी दुसरी जात वापरली गेली असेल. वाद काहीही असो, रॅटच्या सात दिवसांवरून माणसाच्या तीन महिन्यांची सुरक्षितता सांगता येत नाही एवढं त्यातून कळतं. म्हणून तुझा 'नुसता अर्क' ग्रुप मलाही फार महत्त्वाचा वाटतो, त्यात एसजीपीटी थोडं जरी वर दिसलं तरी ते लपवू नकोस, ठळक लिही.

डोसचंही बघ. रॅटचा ४०० मिग्रॅ प्रति किलो शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने माणसाला सुमारे ६५ मिग्रॅ प्रति किलो होतो, ४०० गुणिले ६ भागिले ३७. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास ३.९ ग्रॅम अर्क. दहा टक्के यील्ड धरलं तर वाळलेली ३९ ग्रॅम भुईआवळी. इतकी कोणी घेत नाही. २०० च्या डोसलाही निम्मी म्हणजे वीस ग्रॅम येते. डिस्कशनमध्ये हा हिशेब मांडलास तर परीक्षकांना नक्की आवडेल, आणि जमलं तर खाली १०० चा एक डोस ठेव.

माणसात सीसीएल४ आता क्वचितच दिसतं, एकेकाळी ड्रायक्लीनिंगला आणि आग विझवायला वापरायचे. आपल्याकडे औषधांनी लिव्हर जातं ते जास्त करून टीबीच्या गोळ्यांनी, आयएनएच, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड. विषबाधेत उंदीर मारायच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस. पुढे पीएचडी करणार असशील तर टीबीच्या औषधांचं मॉडेल डोक्यात ठेव, त्याची गरज खरीखुरी आहे, कोर्स सहा महिने चालतो आणि लिव्हर बिघडलं की औषध थांबवावं लागतं.

मायक्रोसोम :

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून एक, म्हणजे गैरसमज नको. एन्झाइम अडवणं म्हणजे फुकट असं नाही. युरोपात अमॅनिटा जातीच्या विषारी अळंबीने पेशंट आला की सिलिबिनिन शिरेतून देतात, ते विष लिव्हरच्या पेशीत शिरण्याची वाटच अडवतं, आणि तिथे त्याचा तोच उपयोग आहे. आपला अर्क नेमकं कुठे काम करतो ते माहीत असणं महत्त्वाचं. सीवायपी२ई१ अडतंय असं निघालं तर तसंच लिही, तोही निकालच आहे, आणि मग टीबीच्या औषधांबरोबर अर्क घेतला तर काय होईल असा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

पावसाळी_रोप :

आज गाईड सरांशी बसले. त्यांना अर्क नंतर द्यायचा ग्रुप लगेच पटला, गॅलॅक्टोसमाइन एक ग्रॅम म्हटल्यावर तेही हो म्हणाले. आता असं ठरलंय : नॉर्मल, नुसता अर्क ४००, नुसतं सीसीएल४, सीसीएल४ आणि सिलिमारिन, आधी अर्क १००, आधी अर्क ४००, नंतर अर्क ४००, मग गॅलॅक्टोसमाइन आणि गॅलॅक्टोसमाइन अधिक अर्क. नऊ ग्रुप, ५४ जनावरं, वर टॉक्सिसिटीची सहा. अर्क पाण्याचा. सॉल्व्हंट बदलला याचं सरांना थोडं वाईट वाटलं पण म्हणाले लिही कारण.

आकडेवारीचं राहिलं. सगळ्या ग्रुपना एकत्र एनोव्हा (अनेक ग्रुपच्या सरासऱ्यांची एकदम तुलना) लावू का? आणि समितीने विचारलं ६० जनावरं कशाला, तर काय सांगू?

लॅबवाले_काका :

सीसीएल४ चे सात ग्रुप एक एनोव्हा, त्यानंतर डनेट टेस्ट, म्हणजे प्रत्येक ग्रुपची तुलना नुसत्या सीसीएल४ ग्रुपशी. गॅलॅक्टोसमाइनचे दोन वेगळे, त्यांची आपापसात टी-टेस्ट. सीसीएल४ शी त्यांची तुलना करूच नकोस, विष वेगळं आहे. एसजीपीटीचे आकडे नॉर्मलमध्ये पन्नासच्या आसपास आणि विष दिलेल्यांत शेकड्यांत-हजारांत जातात, पसारा ग्रुपप्रमाणे बदलतो, म्हणून आधी लॉग घे मग एनोव्हा लाव. आणि मीन (सरासरी) आणि एसईएम (सरासरीची त्रुटी) एवढंच न छापता प्रत्येक जनावराचा ठिपका ग्राफवर दाखव, सहाच तर आहेत.

समितीला प्रत्येक ग्रुपसमोर एक ओळ लिहून दे की हा ग्रुप काढला तर कुठला प्रश्न अनुत्तरित राहतो. नंतर अर्क दिलेला ग्रुप काढला तर संरक्षण आणि विष न बनणं यात फरक करता येत नाही, असं. बाहेरचे सायंटिस्ट आणि सरकारचे नॉमिनी हेच शोधत असतात, जास्त जनावरांना त्यांचा विरोध नसतो, विनाकारण जनावरांना असतो. सिलिमारिन एकाच विषाला ठेवलंयस, गॅलॅक्टोसमाइनला नाही, त्याचंही कारण लिही : तिथे तुलना सिलिमारिनशी नाहीये, हो किंवा नाही एवढंच बघायचंय.

रॅट आल्यावर आठवडाभर रुळू दे, वजनं करून चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाड, पिंजऱ्यातून हाताला येईल तसं उचलू नकोस, कारण जो शांत असतो तो आधी हाताला येतो. आणि शेवटच्या दिवशी रक्त काढताना एक ग्रुप संपवून दुसरा असं न करता प्रत्येक ग्रुपमधला एकेक घेत जा, सकाळी नऊचा आणि दुपारी दोनचा यात पाच तासांचा फरक पडतो आणि सीसीएल४ मध्ये २४ तासांच्या आसपास आकडे झपाट्याने हलत असतात. इंजेक्शनही त्याच क्रमाने दे, म्हणजे प्रत्येकाला नेमके २४ तास मिळतील. ५४ जनावरं एका दिवसात एकटीने होणार नाहीत, दोन दिवसांत वाटून घे, दोन्ही दिवशी सगळ्या ग्रुपची निम्मी-निम्मी, आणि मदतीला ज्युनियर सांगून ठेव.

रानवाटा :

ताई, रोप उपटायला जाशील तेव्हा फुलाचा आणि बीचा जवळून फोटो काढून इथे टाक, हर्बेरियमला पाठवायच्या आधी मी एक नजर टाकते. आणि वाळवलेल्यातलं पन्नास ग्रॅम तसंच बंद डब्यात राखून ठेव, वर्षभराने कोणाला तुझा अर्क पुन्हा तपासायचा झाला तर ते लागेल.